चौथीच्या बाईंना धडा

१८ जुलै १९८८
मतदार यादीवर विजय. यादीत आमच्या रुक्मिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, माझी आई करून ठेवलं होतं. वय एक्याण्णव. ती पदर तोंडाला लावून हसली, पण मी हसण्यावारी नेलं नाही. चाळीतल्या एकशे बारा जणांच्या सह्या घेतल्या, पहिली माझी, आणि अर्ज ठोकला. आज कचेरीचं पत्र आलं. घरोघर माणूस पाठवून सगळी यादी नव्यानं तपासणार. रुक्मिणी म्हणाली, मतदान खंय, आपण खंय, इतकी घाई कित्याक? तिला कळत नाही. सरकार म्हणजे म्हैस. काठी दाखवल्याशिवाय पाण्यातून उठत नाही.

१ ऑगस्ट
मीराच्या बाई आठवडाभर शाळेत नाहीत. आज कळलं. म्हणजे पोरीनं रोज सांगितलं होतं, मी आज ऐकलं. मीरा माझी नात, म्युनिसिपालटीच्या शाळेत चौथीत. चौथीचा सगळा वर्ग तिसरीत नेऊन कोंबलाय, एका बाकावर पाच पोरं. यंदा तिची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. बाईंनीच पोरीबरोबर निरोप धाडला होता, मुलगी हुशार आहे, मी तयारी करून घेते. आणि स्वतःच गायब.
मी स्वतः कधी शाळेत गेलो नाही. भजी बांधून आलेल्या कागदांवर अक्षरं शिकलो, मिलमध्ये कापडाचे साचे चालवत बोर्ड वाचायला शिकलो. पण भज्यांच्या कागदावर अपूर्णांक छापून येत नाहीत. तिथं बाईच पाहिजे.
ठरलं. यामागे जो कोण असेल त्याला सोडणार नाही.

४ ऑगस्ट, सकाळी ११
शाळेत जाऊन हेडमास्तर राजारामसरांना धरलं. भला माणूस, पण लोण्याचा गोळा. म्हणाले, घाडीकाका, बाई ड्यूटीवर आहेत. मी विचारलं, शाळेची ड्यूटी शाळेबाहेर कशी असते? ते म्हणाले, वरून ऑर्डर आहे, माझ्या हातात काही नाही. बदली माणूस मागितला तर म्हणे तीन पत्रं लिहिली. मग पाणी विचारलं आणि स्वतःच प्यायले.
मला शेंड्या लावतात. बाई बाहेर ट्यूशन घेत असणार. नाहीतर साड्यांचा धंदा. बायका घरोघर साड्या दाखवत फिरतात, मी पाहिलंय.

९ ऑगस्ट, दुपार
यादी तपासायला बाई आल्या. चाळीशीच्या असतील. चपलेचा अंगठा तुटलेला, तिथं सेफ्टी पिन. तीन माळे चढून घामाघूम. बसवलं, रुक्मिणीनं कोकमाचं सरबत दिलं. त्यांनी रुक्मिणीला आईची पुन्हा बायको केली. किती स्वच्छ काम.
मी म्हटलं, बाई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून देश चाललाय, आणि आमच्या नातीची मास्तरीण बघा, फुकटचा पगार खाते, तिला उभी सोलली पाहिजे. बाई फॉर्म नीट लावत बसल्या. कोणाची निंदा करत नाहीत, संस्कार. मग विचारलं, नात कुठल्या शाळेत? सांगितलं. त्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला. मीरा दूध आणायला केंद्रावर गेली होती. तर त्यांनी कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर दहा गणितं लिहून दिली, म्हणाल्या, तिला सांगा, रविवारी परत येईन तेव्हा तपासते.
बघा. यादीवाल्या बाईला जे कळतं ते मास्तरणीला कळत नाही. नाव विचारायचं राहिलं.

१० ऑगस्ट
मीरा म्हणते, आजोबा, हे आमच्या बाईंचं अक्षर आहे. मी दटावलं. कष्टाळू बाईची त्या कामचुकार बाईशी तुलना करू नये. पोर हट्टाला पेटली, सातचा आकडा बाई असाच काढतात म्हणे. सात सगळे सारखेच असतात.

१४ ऑगस्ट, रविवार
यादीवाल्या बाई आल्याच नाहीत असं लिहिणार होतो, पण त्या येऊन गेल्या. आम्ही सगळे वांद्र्याला बारशाला गेलो होतो. दाराखालून मीराची वही मागायची चिठ्ठी आणि आणखी दहा गणितं. सुट्टीच्या दिवशी. मला भरून आलं.
भरून आल्याच्या जोरावर मास्तरणीविरुद्ध तक्रार लिहायला घेतली.

२० ऑगस्ट
तक्रार टाकली. रजिस्टर पोस्टानं. चार पानं, झकास झाली आहे. मागण्या तीन: बाईंची चौकशी, बाईंना मेमो, बाईंची बदली. शेवटची मागणी आधी 'समुद्रात' अशी लिहिली होती, मग खोडून 'लांब' केलं. रुक्मिणी म्हणाली, अवो, त्या बायेचा म्हणणा तरी आयका. मी म्हटलं, विंचवाचं म्हणणं ऐकायला गेलं की तो नांगी मारतो.

२ सप्टेंबर
चौकशीचं पत्र. गुरुवारी हजर राहा. चाळीत सगळ्यांना पत्र दाखवलं. इस्त्रीवाल्यालाही दाखवलं, त्याला मराठी येत नाही तरी शिक्का बघून मान डोलावली.
मीरा अजून तिसरीतच बसते आहे. राहिले थोडे दिवस.

८ सप्टेंबर, संध्याकाळ
कचेरीत गेलो. टेबलामागे नंदकिशोर नावाचा क्लार्क. समोर खुर्चीत यादीवाल्या बाई. मला आनंद झाला, म्हटलं, साक्षीला आल्या. मी नमस्कार करून सांगितलं, साहेब, यांना विचारा, शिक्षण म्हणजे काय ते. क्लार्क म्हणाला, यांनाच विचारतोय, तुम्ही यांच्याच विरुद्ध तक्रार केलीय.
मग त्यानं ऑर्डर वाचली. मतदार यादीच्या घरोघर तपासणीसाठी चौथीच्या शिक्षिका मृणालिनीबाई यांना वर्गातून काढून कामावर नेमण्यात येत आहे. मी टेबलावर हात आपटून विचारलं, ही तपासणी काढली कोणी, नाव सांगा. क्लार्कनं फाईल फिरवली. अर्जदार क्रमांक एक, धाकू लवू घाडी.
सही माझीच. ऐटीत काढलेली.
मृणालिनीबाई उठल्या. बाहेर पडताना एवढंच विचारलं, मीरानं दुसरी दहा केली का? मी हो म्हटलं. खरं म्हणजे तो कागद मी तक्रारीचा मजकूर जुळवायला वापरला होता.

९ सप्टेंबर
रात्रभर विचार केला. माझी चूक नाही. मी घरोघर तपासा म्हटलं, वर्ग रिकामा करा म्हटलं नाही. यांच्याकडे यादी तपासायला दुसरा माणूस नाही? कचेरीत मी मोजले, अकरा जण चहा पीत होते. मुलांच्या बाईच सापडतात बरोबर. उद्या गटार तुंबलं तर तिथंही बाईंनाच उतरवतील. याला जबाबदार असेल त्याला मी सोडणार नाही.
तक्रार मात्र मागे घेतो.

१२ सप्टेंबर
क्लार्क म्हणाला, काका, तक्रार मागे घेता येत नाही, वर गेली. मी म्हटलं, मग खाली आणा. तो म्हणाला, वर गेलेलं आमच्याकडे खाली येत नाही, निर्णय येतो.

२२ सप्टेंबर
निर्णय आला. मृणालिनीबाईंची मुलुंडला बदली. त्यांचं घर जोगेश्वरीला, शाळा पार दुसऱ्या टोकाला मुलुंडला. आयुष्यभर अर्ज केले, नळाचे, दिव्याचे, संडासाच्या दाराचे. एकाचा निकाल लागला नाही. हा तेहेतीस दिवसांत लागला, अगदी मागितल्याप्रमाणे. रुक्मिणी माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताटाशी बोलते.

२६ सप्टेंबर
राजारामसर घरी आले. चौथीला नवीन बाई दिवाळीनंतर, त्यासुद्धा आल्या तर. तिसरीच्या बाईंनी हात टेकलेत. म्हणाले, घाडीकाका, तुम्हाला मुलांची एवढी कळकळ, रोज दोन तास वर्गात नुसतं बसा, मारामारी होणार नाही एवढं बघा. नाही म्हणायला तोंड नव्हतं.
आज बसलो. छातीला पेन लावून गेलो. सुरुवातीला मिलच्या गोष्टी सांगितल्या. पोरं खूश. दहा मिनिटांत गोष्टी संपल्या. तेवढ्यात मीरानं हात वर केला आणि स्कॉलरशिपच्या पुस्तकातलं गणित विचारलं. एक हौद, दोन नळ, एक भरतो, एक रिकामा करतो, हौद कधी भरेल? चाळीस पोरं माझ्याकडे बघायला लागली.
मी म्हटलं, सगळे आधी पाणी पिऊन या.
वर्ग ओरडत नळावर पळाला. मीरा तेवढी गेली नाही. वही उघडून, पेन्सिल हातात धरून बसून राहिली.