सुरतचा पत्ता

तरुणजी,

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तुमच्या घरची रीत. खापर गावी भावाकडे आले तेव्हाच ती मी सोडली.

एचआयव्ही दोघांना, गोळ्याही त्याच. त्या जुन्या गोळ्यांनी माझी गालफडं आधी बसली. तुमच्या आईने, प्यारीबाईंनी, विसरवाडीभर सांगितलं की सूनच रोग घेऊन आली. मला म्हणाल्या, "घुंघट लांब खेंच." तुम्ही दुकानात गादीवर बसून ऐकत होतात. रोग कोणी आणला हे तुम्हाला माहीत होतं.

आता तुमचीही गालफडं बसलीत. पुतण्याच्या, मयंकच्या लग्नात फोटोला उभं राहू नका, असं तुमच्या भावानेच सांगितलं म्हणे. म्हणून एवढ्या वर्षांनी फोन केलात: "गाल कुठे भरून घेतलेस?"

सुरतला. गालात सुया टोचून भरतात, थोडं दुखतं, काही महिन्यांनी पुन्हा जावं लागतं.

तुमच्या वहिनीने मलाही बोलावलंय. मी येणार, उघड्या चेहऱ्याने. बायका म्हणतील, मंजूची तब्येत किती सुधारली. मग त्या तुमच्याकडे बघतील. पुरुषांना घुंघट नसतो, हे तुमच्या आईच्या लक्षातच आलं नाही.

डॉक्टरचं कार्ड सोबत जोडलंय. भला माणूस आहे, लग्नाआधी तुमचेही गाल भरून देईल. पाकिटावर तिकीटही लावलंय. फोटो निघेल तेव्हा हे न टाकलेलं पाकीट माझ्या पर्समध्येच असेल.

चेहरा परत मिळालेली,
मंजू