तिरपी लाल रेघ

नागपूर, मंगळवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय. मुंबईच्या सामाईक कॉम्प्युटरवर आमच्या भौतिकशास्त्र विभागाला महिन्यातून एकच पाळी. आज त्यासाठीचा गठ्ठा, कणांची मापं भोकं पाडून नोंदवलेली सातशे कार्डं, माझ्या हातून जिन्यात सांडला. क्रम गेला म्हणजे महिना गेला! मला रडूच कोसळलं.

शिपाई गणपतराव म्हणाले, "रडून काहून राहिल्या, मॅडम? गठ्ठ्याच्या कडेवर म्या तिरपी रेघ मारली होती ना!"

त्याच लाल रेघेवरून काल मी त्यांना बोलले होते. कार्डं खराब केलीत म्हणून!

प्रत्येक कार्डाच्या कडेवरचा लाल ठिपका शेजारच्याशी जुळवत, रेघ पुन्हा सलग होईपर्यंत क्रम लावला, गठ्ठा मुंबईच्या गाडीत चढला. "सुचलं कसं?" मी विचारलं.

"दुकानाच्या दाराच्या फळ्या रोज काढा, रोज लावा; क्रम चुकू नये म्हून त्यांच्यावर अशीच मारतो ना आमी."

पुढच्या गठ्ठ्यावर रेघ तेच मारतील. मी फक्त लाल पेन्सिलीला टोक काढून देईन.