जाऊबाईंचे काटे

३ फेब्रुवारी

माझ्या गालावर काटे आहेत. जिभेवर असतात असं लोक म्हणतात, ते वेगळे. आज आंघोळीनंतर स्वतःच्या टॉवेलने स्वतःचं तोंड पुसण्याचा मूलभूत हक्क बजावला आणि गालभर कुसळं! कपड्यांच्या दोरीखाली जाऊबाईंचे ‘सशाचे कान’ उभे आहेत. चपटं, गोंडस निवडुंग, दिसायला मखमल. टॉवेल वाऱ्यावर जाऊन त्यांना लाडाने बिलगून आला. मानवजातीवर याआधीही अन्याय झाले असतील, पण ते माझ्या गालावर नव्हते.

जाऊबाई चिकटपट्टी घेऊन आल्या. चिकटवायची, सर्रकन ओढायची.
“हलू नकोस गं. लेख लिहून जगाला टोचतेस तेव्हा बरी मजा वाटते!”
मग लगेच — “दोरी आधीपासून होती. मीच कुंडी हलवते.”
राहू द्या म्हटलं. हलवलीच. मोठे दीर गेल्यावर आम्हीच आग्रहाने त्यांना इथे आणलं. पण वागतात अशा, जणू गाडी चुकली म्हणून थांबल्यात.

६ फेब्रुवारी

पण हात काय आहे बाईंचा! पान दोन बोटांत धरतात, हलकेच दाबतात. टणक असेल तर पुढे. मऊ, सुरकुतलेलं असेल तर पाणी, तेही मुळाशी, भरपूर, आणि मग पुन्हा माती ठणठणीत वाळेपर्यंत नाव नाही. आमच्याकडे पाहुण्यांचीसुद्धा इतकी नीट चौकशी होत नाही.

एका वाडग्यात खडे दिसतात, ती झाडं आहेत! आज त्यातला एक खडा सुकून चिरलेला दिसला. मी पेला उचलला.
“थांब! जुन्या पानांची जोडी आपलं पाणी आतल्या नव्या जोडीला देतेय. वरून ओतलंस तर दोघी जातील.”
मी पेल्यातलं पाणी स्वतः प्यायले. वाया कशाला घालवायचं.

९ फेब्रुवारी

गळून पडलेलं एक पान कोरड्या वाळूवर नुसतं टाकलं होतं. त्याला टाचणीच्या डोक्याएवढं पिल्लू! शेजारणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, कुठंय? काही लोकांना डोळे नुसते चष्मा लावायला दिलेले असतात.

१४ फेब्रुवारी

वाईट दिवस. कमरेइतकं उंच, खांबासारखं निवडुंग — दिरांनी त्यांच्या लग्नाच्या वर्षी बोटभर रोप आणून लावलेलं. आज जाऊबाईंनी बुंध्याला बोट लावलं, बोट आत गेलं. कुजलंय.

“याला पाणी कोण घालतं?”

नवरा शाळेतल्या पोरासारखा — “मी... रोज सकाळी. दादाचं झाड म्हणून. थोडंसंच, वहिनी.” मग मला कबूल करावं लागलं — दुपारी, पेलाभर. हे सुरू असताना झाडूवाल्या मावशी दारातून म्हणाल्या, “मी पण घालते जी. तुम्ही कुणी घालताना दिसत नाही ना!”

तिघांची माया, एका बुंध्यात. मला वाटलं आता रडतील. रागावतील तरी. त्या खाली बसल्या आणि हसल्या. डोळे पुसत हसल्या. “कमी पाण्याने मेलेलं निवडुंग मी अजून पाहिलं नाही गं.”

१५ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया! पावाची सुरी, स्पिरिटने पुसलेली. काटे लागू नयेत म्हणून वर्तमानपत्राची जाड पट्टी करून झाडाला गुंडाळली. नेमका माझ्या सदराचा कागद. लेखनाने कुणाला आधार दिल्याची ही पहिलीच नोंद. कापलं — आत तपकिरी डाग. आणखी वर कापलं, पुन्हा डाग. नवरा आत निघून गेला. चौथ्या कापाला गर हिरवागार. हातभर शेंडा उरला. जखमेवर दालचिनीची पूड, आणि रिकाम्या कुंडीत उभा. माती नाही, पाणी नाही.

“किती दिवस असाच?”
“जखम सुकेपर्यंत. मग कोरड्या वाळूत.”
“आणि पाणी?”
“तहान लागू दे की त्याला. त्याशिवाय मुळं कशाला सोडेल?”

एवढी छाती माझी नाही.

२ मार्च

जेवताना म्हणाल्या, एक खोली बघितलीय. पश्चिमेची खिडकी आहे. एकटी राहीन.

नवऱ्याचा घास हातातच. “वहिनी, आमचं काही चुकलं?”
“नाही रे बाबा. सकाळी उठावं, चहाचा कंटाळा यावा, आणि तरी आपणच उठून करावा — असं एक घर हवंय मला.”
“पण चहा तर मी देतो ना!”
“हो ना,” त्या म्हणाल्या.

रात्री तो माझ्यावर घसरला. तू समजाव त्यांना. मी म्हटलं, जाऊ दे त्यांना. दगड आहेस, म्हणाला. आमच्या वाडग्यात दगडांना काय किंमत आहे ते त्याला ठाऊक नाही.

२३ मार्च

शेंडा उपटून दाखवला. खाली पांढरे तीन धागे. मुळं! मी टाळ्या वाजवल्या, पन्नाशीला आलेली बाई.

२९ मार्च

गेल्या. बाकी कुंड्या टेम्पोत, शेंडा मांडीवर. नवरा म्हणतोय रोज डबा पोचवीन. मी म्हटलं, आधी मला जाऊन बघू दे.

११ एप्रिल

संध्याकाळी डबा घेऊन गेले. जिना चढले, बेलवर बोट ठेवलं — आतून गाणं! जाऊबाई गात होत्या. बेसूर, मोठ्याने, भांडी आदळत. आमच्या घरात कधी गुणगुणल्यासुद्धा नव्हत्या.

बेल न दाबताच बोट काढून घेतलं. झाडाला घातलेल्या रोजच्या त्या पेल्यांचं एवढं देणं लागत होते.

डबा नवऱ्याने संपवला. “भेटल्या?”
“मजेत आहेत,” म्हटलं.