पिवळे पडदे

ती. सासूबाईंना नमस्कार,

तुम्ही हौसेनं शिवलेले पिवळे पडदे लावले आणि बाळ पिवळं दिसू लागलं. तुमचे चिरंजीव म्हणाले, "पडद्याचा रंग पडतोय." मलाही पटलं. मग बाळ दूधच ओढेना. तपासायला आलेल्या नर्सताईंनी त्याला अंगणात नेऊन कपाळ बोटानं दाबलं. बोट उचललं तरी कातडी पिवळीच.

"कावीळ आहे. आत्ताच दवाखान्यात न्या."

आता ते डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली झोपलंय. दूध पितंय, पिवळेपणा उतरतोय. पडदे मी काढून टाकले. तुम्हाला मात्र मी फोनवर धुवायला टाकलेत म्हणाले.

"खुशाल धू," तुम्ही म्हणालात, "रंग पक्का आहे, जायचा नाही."

मी बाळाचे तळवे बघत हो म्हटलं. हे पत्र काही टाकणार नाही.

तुमची,
सूनबाई