एका हाताची नऊवारी

आई, तुझ्या नातीचं लग्न झालं. तुंगार्लीला, तळ्याच्या अंगाला असलेल्या लॉनवर. मांडव माझा, फुलं माझी, दिवे माझे, पंगतीची आखणी माझी. तू गेलीस तेव्हा मी नुसता मांडववाला होतो. आता मुंबई-पुण्याची माणसं लोणावळ्याला लग्न करायचं ठरलं की आधी मला फोन करतात, हॉल नंतर बघतात. नवरीच्या लेहेंग्याचा रंग कळल्याशिवाय मी मांडवाच्या कापडाला हात लावत नाही. तुंगार्लीच्या गवतावर ऊन चढेपर्यंत दव असतं आणि त्यानं जरीचा काठ काळा पडतो, म्हणून नवरीच्या वाटेवर मी आधी तागाचं तरट टाकतो आणि मग सतरंजी. धरणाकडून दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा डोक्यावरची ओढणी कुठं टाचायची हे मेकअपवाल्या बायांना मी दाखवतो. सध्या सगळ्यांना फिके रंग हवे असतात, धुऊन धुऊन विटल्यासारखे. अशा रंगाला धुक्यात कोणता दिवा लागतो तेही मलाच विचारतात. यातलं मला कुणी शिकवलेलं नाही. तू तर नाहीच नाही. त्या नाहीबद्दलच मला आज लिहायचंय.

गावातल्या नवरीमुलींना साडी तू नेसवायचीस. आजूबाजूच्या वाड्यांमधूनही बोलावणं यायचं, बैलगाडी आली तर बैलगाडीतून, टेम्पो आला तर टेम्पोतून तू जायचीस, खण-नारळाची ओटी घेऊन परत यायचीस. मामाकडची पिवळी नऊवारी, एक गाठ, पिन एकही नाही. नवरी दिवसभर उठते, बसते, वाकून पाया पडते, रात्री जेवायला मांडी घालते, आणि काष्टा सकाळी होता तसाच. मी तेव्हा तळेगावच्या एका मांडववाल्याच्या हाताखाली बांबू बांधत होतो आणि माझ्या डोक्यात धंदा शिरला होता. तू भाकऱ्या थापतेयस, चुलीपाशी शेजारची मावशी बसलीय, आणि मी उंबऱ्यात उभा राहून म्हणतोय, "आई, मला नेसवायला शिकव."

"कुनाला नेसवनार हायेस?"

"नवऱ्यांना. मांडव आपला तशी साडीपण आपलीच. धंदा वाढंल."

तू भाकरी उलटलीस. "आरं, नवरीच्या खोलीत बाप्याचं काय काम? दार लावून घेत्यात बाया. तू आपला बांबू सरळ हाय का बग." मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि तू मला सोडून तिला पाणी दिलंस.

मग मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. तळेगावला कापडाचं एक दुकान बंद होत होतं, तिथला बाईचा पुतळा उचलला आणि स्कूटरवर मागं बसवून गावात आणला. त्याच्या अंगावर चिंधी नव्हती. पारावरची माणसं उठून उभी राहिली. तू दारात आलीस, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "ही कुटली सून आणलीस रं? बोलत बी न्हाई. चांगली हाय." त्या पुतळ्यावर मी शिकलो. लोकांकडून लग्नाचे अल्बम मागून आणायचो. पण अल्बमात सगळ्या नवऱ्या समोरून असतात आणि काष्टा असतो पाठीमागं. एखाद्या फोटोत नवरी वाकलेली सापडली की मला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. असं करत करत मी गाठ मारायला शिकलो, निऱ्या, ओचा, सगळं. पुतळ्यावर माझी नऊवारी महिनाभर टिकायची. जिवंत बाईवर मात्र दुपारपर्यंत. का, ते कळत नव्हतं. शेवटी मी पिना आणल्या. आता माझ्याकडच्या बाया पिनाच लावतात, बाहेरून एक दिसत नाही. शिवलेली नऊवारी मात्र मी अजून ठेवत नाही. विजारीसारखी पाय घालून चढवायची, ती काय साडी आहे?

आणि मग तुझी धाकटी सून आली. घोरावाडीकडची, ड्रेस घालून वाढलेली. लग्नात पदर खांद्यावर ठरत नव्हता म्हणून तूच तिला पिन दिली होतीस, मी पाहिलंय. सहा महिने तू सगळ्यांना सांगत होतीस, "हिला पदर बी सावरत न्हाई." तिच्याकडून मला कसली भीती असणार? पण तू गेलीस, वर्ष झालं, आणि गावातल्या पहिल्याच लग्नाला बोलावणं आलं ते तिला. नंतर दुसरं, तिसरं. बाया म्हणायला लागल्या, "सासूचा हात उचलला बगा पोरीनं." सासूचा हात! माझ्या तोंडावर बोलायच्या, वर मलाच विचारायच्या, "व्हय ना भाऊ?" मी म्हणायचो, व्हय. घरी आल्यावर जेवण जायचं नाही. मी ठरवून टाकलं की माझ्या पाठीमागं, कधीतरी दुपारी, दार लावून तू तिला शिकवलं असणार. मला उंबऱ्यात उभं ठेवलंस आणि तिला आत घेतलंस. इतकी वर्षं तिनं नेसवलेल्या एकाही नवरीकडं मी नीट पाहिलं नाही. लग्नात ती दिसली की मी जनरेटरकडं जायचो.

माझ्याकडं एकच गोष्ट होती जी तिच्याकडं नव्हती, असं मी समजत होतो. अर्धांगाचा झटका आला आणि तुझा उजवा हात गेला. तू धाकट्याकडं गावात, मी लोणावळ्यात, कामातून सवड मिळाली की गाडी काढून यायचो. दर वेळी तू ओट्यावर बसलेली, हात मांडीत ठेवलेला, आणि नेसण अशी की फाटकातूनच वाकडी निरी पकडणाऱ्या माझ्या डोळ्याला काही सापडू नये. मी विचारलं होतं, "आई, नेसवतं कोण?" तू म्हणालीस, "कोन नेसवनार? माजी मी नेसते. डावा हाय की." मी त्यावर विश्वास ठेवला. तुझ्याबद्दल मी काहीही खरं मानलं असतं. तेव्हापासून पहिल्या भेटीला येणाऱ्या प्रत्येक नवरीला मी सांगत आलोय, "माझी आई एका हातानं नऊवारी नेसायची." मुली छातीवर हात ठेवतात, त्यांच्या आया डोळे पुसतात, आणि काम मला मिळतं.

तर तुझी नात. मी तिच्यासाठी पुण्याहून साडी नेसवणारी बाई ठरवली होती. लोकांना तिची तारीख मिळत नाही, मी मिळवली. पोरगी माझ्या ऑफिसात आली, खुर्चीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पप्पा, नऊवारी काकू नेसवेल."

"काकू पिना लावत नाही. सप्तपदीत सुटली म्हणजे?"

"आजीची सुटली होती का कधी?"

"आजीची गोष्ट वेगळी."

"काकूची पण नाही सुटत. तुम्ही बघितलंय का कधी?"

रात्री तुझ्या थोरल्या सुनेपुढं विषय काढला, तर ती कपडे घड्या करता करता म्हणाली, "लग्न तुमच्या पोरीचं आहे का तुमच्या धंद्याचं?" पोरीला मी हो म्हणून टाकलं. पण पुण्याच्या बाईला नाही म्हणालो नाही. पाहुण्यांना नेसवायला येतेय असं सगळ्यांना सांगितलं, आणि तिला हळूच म्हणालो, पिनांचा डबा जवळ ठेवा, नवरीसाठी लागेल.

लग्नाच्या सकाळी धाकटी आली, मोकळ्या हातानं. नवरीच्या खोलीत मी भोवती दिव्यांचा गोल असलेला मोठा आरसा लावला होता. मुलींना तो फार आवडतो, फोटोही तिथंच निघतात. थोड्या वेळात माझा माणूस आला, कान खाजवत. "साहेब, काकू म्हणतायत आरसा बाहेर न्या." दोघांनी तो उचलून बाहेर आणला, माझ्यासमोर भिंतीला टेकवला, आणि त्यात मला मी दिसलो, फेटा बांधलेला, लाल झालेला. मी बंद दारापाशी जाऊन विचारलं, "आरसा कशाला काढला?"

धाकटी तोवर माझ्याशी कधी सरळ बोलली नव्हती, नवऱ्याचा थोरला भाऊ, भासरा ना मी. ती आतून पोरीला म्हणाली, "सांग तुज्या पप्पास्नी. आरशात बगितलं का नवरी पोट आत घेती. मंग गाठ खोटी बसती. आजी म्हनायची तुजी."

मी दाराला हात लावून उभा राहिलो. म्हणजे पुतळ्यावर महिनाभर आणि बाईवर दुपारपर्यंत, ते यामुळं. पुतळा पोट आत घेत नाही. एवढी वर्षं मी पिना विकत घेत राहिलो आणि तुझं हे एक वाक्य तिच्याकडं पडून होतं. आतून तिचा आवाज येत होता, "सोड श्वास. समदा सोड. आता खाली बस. ऊठ. कुटं काचतंय का?" शब्द तुझे, चाल तुझी, मधेच जीभ टाळूला लावून चक् करायची सवयसुद्धा तुझी. पोरगी खिदळत होती. मला दार उघडून आत जावंसं वाटलं आणि जाता येत नव्हतं, बाप असूनही.

नंतरचं सांगतो ते ऐकून तू मला रागावशील. मंगलाष्टका चालू होत्या, सगळे नवरीच्या तोंडाकडं बघत होते आणि मी तिच्या काष्ट्याकडं. तो सुटायची वाट बघत होतो. ती पाटावर बसली, उठली, सप्तपदी चालली, सासूच्या पाया पडली, मैत्रिणींनी ओढली म्हणून नाचलीसुद्धा. गाठ हलली नाही. पुण्याच्या बाईनं जेवून घेतलं आणि पिनांचा डबा न उघडता गेली. संध्याकाळच्या समारंभाला पोरगी मी निवडलेल्या लेहेंग्यात आली, छान दिसत होती, पण पिवळी नऊवारी सोडताना ती रडली होती असं मला मागाहून कळलं.

पाठवणी झाली. माणसं मांडवाचं कापड उतरवत होती. धाकटी खुर्चीवर बसून ती पिवळी साडी घडी करत होती. मी जाऊन सरळ विचारलं, "आईनं तुला शिकवलं कधी?"

तिनं पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलली. "शिकवलं कुटं दादा? आत्याबाईंना रोज नेसवत होते की मी. हात गेल्यापासनं."

"ती तर म्हणायची एका हातानं..."

"एका हातानं नऊवारी नेसता येती व्हय?" ती हसली. "लय शिव्या खाल्ल्यात मी. पोतं बांधतीस का मला, म्हनायच्या. सोडायला लावायच्या, परत नेसवायला लावायच्या. तुमची गाडी वाजली रस्त्याला, का मला आत ढकलायच्या. थोरल्याला सांगू नगं, त्याला वाटू दे म्हनायच्या." साडीची घडी दाबत ती म्हणाली, "तुमी पाव्हन्यांना ती गोष्ट सांगता तवा मला हसू आवरत न्हाई. पन मी सांगितलं न्हाई कुनाला."

मी म्हणालो, "बरं झालं, तू होतीस." तोंडानं म्हणालो. दुसरा कुणी असता तर तिच्यापुढं वाकला असता, तिथंच त्याच्या मनातली अढी गेली असती. माझी गेली नाही, उलट बसली. आधी मला वाटत होतं की तू तिला कला दिलीस आणि मला दिली नाहीस. कला मी मिळवली असती, कधीतरी, पुतळ्याचं पोट फोडून का होईना. पण हे कुठून मिळवू? मला तू कायम नेसून झालेली दिसलीस, ओट्यावर बसलेली, ताठ. तिनं तुला सकाळी उठवलं, तुझा गेलेला हात बाहीत घातला, चुकल्यावर तुझ्या शिव्या खाल्ल्या. मला तू कधी शिवी दिली नाहीस गं, हात गेल्यानंतर. बाहेरून आलेल्या पोरीपुढं तुला लाज वाटली नाही आणि माझ्यापुढं वाटली. मुलगा आईला साडी नेसवत नाही, मान्य आहे, तो दरवाजा मला जन्मापासूनच बंद. पण निदान सांगायचं होतंस. मी उंबऱ्यात उभा राहिलो असतो. मी उंबऱ्यात उभा राहू शकतो, हे तू पाहिलेलं होतं.

हे कागद जाणार कुठं? सकाळी पाणी तापवायच्या बंबात घालीन, घरात कुणाच्या हाती लागायला नकोत. एकच राहिलं. पुढच्या आठवड्यात वलवणला लग्न आहे. त्या मुलीनं तुझ्या नातीचे फोटो पाहिले आणि काल फोन केला, ज्यांनी ही नऊवारी नेसवली त्या काकू मिळतील का? मी म्हणालो, त्या दिवशी काकूंना वेळ नाही. धाकटीला मी विचारलेलं नाही. ती त्या दिवशी घरीच आहे.