तळ्यातल्या पिसवा

२३ जाने.
हळदीकुंकू झालं. नातीने, आशूने, नाक कापलं. नाशिकला कॉलेजात पाण्यातले बारीक जीव शिकते, पंचवटीत खोली करून राहते. आमच्या शेततळ्याचं पाणी भिंगाखाली धरून बायांना हाका मारमारून दाखवलं. "बघा ना, पाणपिसवा! आमच्याकडे किती आहेत!" मोठ्या कौतुकानं. शेजारची सुशी म्हणते, "अगं बाई मावशी, तुमच्या पाण्यात तं उवा हायेत!" सगळ्या फिदीफिदी. मसाला दुधाचे पेले तसेच राहिले. दूध म्हशीचं, तळ्याचा थेंब नाही त्यात. पण सांगता कोणाला. मांजरांची चंगळ झाली.

२४ जाने.
आशू म्हणे, "आजी, उवा नाहीत त्या. शेवाळ खातात. त्या आहेत म्हणून आपल्या तळ्याचा तळ दिसतो." म्हटलं, तळ बघायला कोण येतं? उवा बघायला गाव आलं! रुसली. दर पंधरवड्याला येऊन पिसवा मोजणार. त्यावरच तिची परीक्षा.

८ फेब्रु.
किराणा दुकानात सुशीची सून. "आजी, उवा बऱ्या हायेत ना?" साखर घ्यायची विसरले. तशीच घरी.

९ फेब्रु.
दवाखान्याची ताई आलेली, बादलीत गप्पी मासे घेऊन. हौदात सोडा म्हणे, डासाच्या अळ्या खातात. "किडा म्हणून ठेवत नाहीत." मी तांब्याभर जास्तीचे मागून घेतले, दिवेलागणीला तळ्यात ओतले. घरात बोलले नाही. त्यात काय सांगायचं!

२३ फेब्रु.
आशूला पिसवा कमी सापडल्या. थंडी असेल म्हणाली. मला बरं वाटलं. बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

२० मार्च
पाणी पोपटी. मासे लेकुरवाळे झालेत, माणसाची चाहूल लागली की खाली पळतात. रघू, माझा पोरगा, रोज ठिबकची जाळी धुतो, हात कोपरापर्यंत हिरवे. म्हणे, "यंदा काय झालं कळंना." मला थोडं थोडं कळायला लागलंय. भाकरी करपली आज.

२२ मार्च
आशूने आपली पिशवीसारखी जाळी चारदा ओढली. नुसतं हिरवं पाणी. घरी येऊन भिंगातून डोकं वर काढीना. "मोठी पिसू एक पण नाही गं, आजी." मग जेवायला बसलेल्या बापाकडे वळली. "बाबा, फवारणीचा पंप तळ्यात धुतलात ना?"
रघू म्हणे, "देवाशपथ नाय धुतला."
"मग मेल्या कशानं?"
ताटावरून उठला तो. मी तिथेच, लसूण सोलत. सगळा सोलून झाला.

२३ मार्च
आशू एसटीने गेली. बापाला न सांगता. असं कधी झालं नाही. रघू म्हणतो, "आई, तुला तरी पटतं ना, मी नाय धुतला?" म्हटलं, पटतं. तेवढंच. पुढचं...

५ एप्रिल
जुनी नायलॉनची साडी घेऊन तळ्यावर गेले, मासे धरायला. खुळ्यासारखं. काठावर बसून साडी सोडली, ओढली. मूठभर आले. तांब्याभर टाकले होते, आता किती असतील देव जाणे. मागे बघते तर आशू. मोजायचा दिवस होता, मीच विसरले. साडीत बघितलं तिने. मग खाली बसून दुसरं टोक धरलं. दोघींनी ओढली.
"कधी सोडलेस?"
"हळदीकुंकवानंतर."
"त्या उवांपायी?"
मी मान डोलावली. चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाली, "कॉलेजच्या मॅडमना जे झालं तेच सांगेन. पुढचं त्या ठरवतील. पण बाबांना शपथ घ्यायला लावली मी." आणि रडली. बापासाठी, पिसवांसाठी नाही.
मी म्हटलं, मी सांगते त्याला. म्हणाली, "मी सांगणारच नाहीये."

त्याच दिवशी, संध्याकाळी
रघू हौदावर हात धुतोय. हिरवं निघता निघत नाही. आशू घरी असली की त्याचं ताट तीच नेते. आज वाढलं आणि माझ्यापुढे ठेवून आत गेली. आमटी गार होतेय.