शटरमागच्या पिशव्या

माय, तुझ्याशी इतकं सलग मी कधी बोललेच नाही. तू कामावरून यायचीस तेव्हा तुझ्या लुगड्याला जळक्या प्लास्टिकचा वास असायचा आणि बराच वेळ तू कपाळ दाबून बसायचीस. पोटासाठी परमुलखात आलो, त्या नवागामच्या खोलीत आम्ही तीन भावंडं, बापू कामाला होता तो कापड विणायच्या लूमचा कारखाना बंद पडलेला, आणि चूल पेटायची ती तुझ्या एकटीच्या पगारावर. पिशव्यांच्या कारखान्यात तू तापलेल्या पट्टीखाली पातळ पिशव्यांचे तळ चिकटवायचीस. भाजीवाला असो की किराणावाला, सगळ्यांकडे त्याच पिशव्या.

त्या पावसाळ्यात नाला तुंबला आणि पाणी घरात शिरलं. धाकट्याला जुलाब सुरू झाले होते. त्याला फळीवर निजवून तू बाहेर उतरलीस. मला अजून दिसतं, तू बांबूने नाल्याच्या तोंडातून पिशव्यांचे लगदे ओढते आहेस आणि मधेच एक पिशवी हातात धरून थांबतेस. शेजारची काकू विचारते, "काय सापडनं वं?" तू म्हणतेस, "मनंच काम शे हाई." ती पिशवी तुझ्याच हातची होती. पाणी ओसरलं, पण धाकटा राहिला नाही. त्याचं दहावं उरकून तू पुन्हा त्याच यंत्रावर जाऊन बसलीस. दुसरं काय करणार होतीस?

पुढे कायदा आला. इतक्या पातळ पिशव्या करायच्या नाहीत, दुकानदारांनी द्यायच्याही नाहीत. कारखान्याला सील लागलं त्या दिवशी मी तुझा डबा घेऊन आले होते. बाकीच्या बायका रडत होत्या. तू सरळ सील लावायला आलेल्या साहेबापुढे गेलीस. "साहेब, कायदा बराबर शे. मना पोऱ्या त्याच नालाना पानीमा गया. पन या दोन पोरीसले मी काय खावाडू?" साहेब वाईट माणूस नव्हता. खाली बघत, आपल्या हातात काही नाही असं त्याच्या भाषेत म्हणाला, "बेन, मारा हाथमां कंई नथी."

तू दुसरं काम शोधत फिरलीस, पण इच्छापोरच्या ठेकेदाराला पुरुषच हवे होते. चलथाणला ऊसतोड संपली होती. आम्ही नुसत्या कण्या खात होतो, तेव्हा कारखान्याच्या मालकाचा निरोप आला. सील लागलेली तीच यंत्रं गुपचूप काढून आता दोन गल्ल्या सोडून एका गाळ्यात बसवली होती. बाहेर कुणाला कळू नये म्हणून शटर ओढलेलं, खिडकी नाही, पंखा नाही. तो धूर तू दिवसभर छातीत घेत राहिलीस. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा तुला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? तू म्हणालीस, "घरनंच काम करस." खरं सांगितलं तर गाळाही बंद होईल, या भीतीने तू त्यांच्यापासून धूर लपवलास. होळीच्या आत तू गेलीस.

हे लिहिलेलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तर ते पोचणारच नाही. तरी सांगते. हल्ली माझ्या घरामागे एका गाळ्याचं शटर दिवसभर ओढलेलं असतं. आतून बायकांच्या खोकण्याचे आवाज येतात. कायदा मोडतोय, बायका मरताहेत, गटार वर आलंय. तक्रार कुठे करायची ते मला ठाऊक आहे. दोनदा चप्पल घालून निघाले आणि तुझं "काय खावाडू?" आठवून दाराशीच थांबले. अजून गेलेले नाही, माय.